मेटा टॅग बरोबर असूनही मराठी पान पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील लहान व्यावसायिकांची, गृहनिर्माण संस्थांची आणि खासगी क्लासेसची मराठी संकेतस्थळे सांभाळताना एक तक्रार ठराविक काळाने परत येते. पानावरील मराठी मजकूर अचानक अगम्य चिन्हांत दिसू लागतो, किंवा व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली तर शीर्षक आणि चित्राची चौकट उमटत नाही, किंवा गूगलच्या निकालात वर्णनाच्या जागी मेनूतील शब्द येतात. पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून पाहिला तर मेटा टॅग, म्हणजे पानाबद्दलची माहिती ब्राउझरला आणि शोधयंत्राला सांगणारी ओळ, तेथे असतो आणि त्याचे स्पेलिंगही बरोबर असते. मग कोणीतरी तो टॅग पुसून नव्याने लिहितो, पान काही काळ नीट चालते आणि पुढच्या एखाद्या बदलानंतर तीच तक्रार पुन्हा दाराशी येते.

या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा टॅगच्या मजकुरात नसून टॅगच्या जागेत असते. तो फाइलच्या कितव्या बाइटवर आहे, त्याच्या आधी काय येऊन गेले आहे आणि पान वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या मते तो खरोखर हेडमध्ये, म्हणजे दिसणाऱ्या मजकुराच्या (बॉडीच्या) आधीच्या माहितीच्या भागात, पडतो का, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय टॅग पुन्हा लिहिण्यात अर्थ नसतो. पुढील विवेचनात टॅगची आणि अ‍ॅट्रिब्यूटची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, शक्यतो लहान अक्षरांत लिहावीत.

आधी लक्षण नीट ओळखावे

मराठी बिघडते म्हणजे नेमके काय दिसते, हे विचारल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. दिसणाऱ्या चिन्हांचे चार प्रकार आहेत आणि मेटा टॅगचा संबंध त्यांपैकी मुख्यतः एकाशीच आहे.

मजकुराच्या जागी साधी प्रश्नचिन्हे ओळीने दिसत असतील, तर अक्षरे पान तयार होण्यापूर्वीच नष्ट झालेली असतात. डेटाबेसचा तक्ता किंवा त्याच्याशी होणारी जोडणी लॅटिन एन्कोडिंगमध्ये (अक्षरे बाइटच्या रूपात साठवण्याच्या, रोमन लिपीपुरत्या पद्धतीत) राहिलेली असते आणि देवनागरी अक्षर तेथे मावत नसल्याने त्याचे प्रश्नचिन्ह होते. ते मेटा टॅग बदलून परत येत नाही. रिकामे चौकोन दिसत असतील तर अक्षरे शाबूत आहेत, परंतु त्या यंत्रावर ती दाखवणारा फॉन्ट नाही. काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर फाइल दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये साठवली आहे आणि ती यूटीएफ-८ (सर्व लिप्या सामावणारे एन्कोडिंग) समजून वाचली जात आहे.

चौथा प्रकार आपल्या विषयाचा आहे. प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ (à), त्याच्या शेजारी ¤ किंवा ¥ आणि पुढे आणखी एखादे चिन्ह दिसते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. तेच तीन बाइट विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य एन्कोडिंगनुसार वाचले की तीन स्वतंत्र चिन्हे दिसतात. यातला पहिला बाइट सर्व देवनागरी अक्षरांना समान असल्यामुळे तो रेघवाला ‘ए’ सतत पुन्हा येतो. व्यंजने, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या वेळी दुसरे चिन्ह ¤ असते, तर दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आणि देवनागरी अंक यांच्या वेळी ¥ असते. ही नक्षी दिसली की फाइल बहुधा निर्दोष आहे आणि केवळ तिच्यावरची पाटी चुकीची वाचली जात आहे, असे समजावे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ब्राउझर पान यूटीएफ-८ म्हणूनच वाचत असूनही अशी नक्षी दिसत असेल, तर चुकीने वाचलेला मजकूर कोणीतरी तसाच पुन्हा साठवला आहे. ब्राउझर कोणते एन्कोडिंग वापरतो आहे ते त्याच्या डेव्हलपर टूल्समधील कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट डॉट कॅरेक्टरसेट’ विचारले की कळते. अशा दुहेरी एन्कोडिंगची दुरुस्ती डेटामध्ये करावी लागते.

पहिले १०२४ बाइट

एचटीएमएलच्या मानकानुसार एन्कोडिंग जाहीर करणारा मेटा टॅग संपूर्णपणे दस्तऐवजाच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत असला पाहिजे, आणि त्याची किंमत यूटीएफ-८ हीच असली पाहिजे. ब्राउझर पान वाचायला सुरुवात करण्यापूर्वी तेवढा भाग चाळून चारसेट, म्हणजे एन्कोडिंगचे नाव, शोधतो. तो तेथे सापडला नाही तर पुढे काय करायचे, हे प्रत्येक ब्राउझर आपापल्या पद्धतीने ठरवतो: एखादा पुढेही शोधत राहतो, एखादा मजकुरावरून अंदाज बांधतो, एखादा उशिरा टॅग सापडल्यावर पान पुन्हा वाचतो. म्हणूनच एकच पान एका यंत्रावर नीट आणि दुसऱ्यावर बिघडलेले दिसू शकते आणि ‘माझ्याकडे तर व्यवस्थित दिसते’ हा वाद संपत नाही.

इंग्रजी पानांना ही मर्यादा फारशी जाचत नाही. मराठी पानांना जाचते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला तर ११ बाइट लागतात, देवनागरीत ३० लागतात, कारण मात्रा, काना आणि हलन्त यांचीही स्वतंत्र मोजणी होते. साठ चिन्हांचे मराठी शीर्षक साधारण १८० बाइट घेते आणि दीडशे चिन्हांचे वर्णन साधारण ४५० घेते. हेच शीर्षक आणि हेच वर्णन ओपन ग्राफच्या (शेअर केलेल्या लिंकच्या चौकटीसाठी लागणाऱ्या) टॅगमध्ये पुन्हा लिहिले की बेरीज साडेबाराशेच्या पुढे जाते. ज्या थीममध्ये शीर्षक आणि वर्णन आधी येते व चारसेट नंतर, ती थीम इंग्रजी मजकुरासह तपासली असता निर्दोष ठरते आणि मराठी मजकूर भरला की मर्यादा ओलांडते. थीम विकणाऱ्याला ही चूक कधी दिसतच नाही.

त्यात पानाच्या माथ्यावर प्लगिनने घातलेल्या सूचनांची भर पडते. परवान्याची किंवा कॅशिंगची (पानाची प्रत साठवून ठेवण्याची) लांबलचक टिप्पणी चाळताना ओलांडली जाते, परंतु तिचे बाइट १०२४ मध्ये मोजले जातात. कालपर्यंत चालणारे पान एखादे प्लगिन अद्ययावत केल्यावर बिघडते त्याचे हे एक सामान्य कारण आहे.

उपाय सोपा आहे. हेड उघडल्याबरोबर पहिला घटक म्हणून मेटा चारसेट लिहावा; शीर्षकसुद्धा त्यानंतर यावे. जुन्या पद्धतीचा एचटीटीपी-इक्विव्ह कंटेंट-टाइप हा टॅगही एचटीएमएलमध्ये चालतो, परंतु दोन्ही एकत्र ठेवणे मानकाला मान्य नाही. जुना टॅग ‘असू दे, बिघडत तर काही नाही’ म्हणून ठेवला जातो आणि पुढे कोणीतरी दोहोंपैकी एकच बदलतो. एकच ठेवावा, आणि तो लहान असलेला नवा ठेवावा.

सर्व्हरचा शब्द टॅगच्या वर असतो

टॅग पहिल्याच ओळीत असूनही मजकूर बिघडत असेल तर सर्व्हरचा हेडर, म्हणजे पानासोबत सर्व्हर पाठवतो ती माहिती, पाहावा. ब्राउझर सर्वप्रथम फाइलच्या सुरुवातीला बाइट ऑर्डर मार्क (बीओएम, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) आहे का ते पाहतो, त्यानंतर सर्व्हरने कंटेंट-टाइप हेडरमध्ये सांगितलेले एन्कोडिंग मानतो, आणि दोन्ही नसतील तरच मेटा टॅगकडे वळतो. सर्व्हर आयएसओ-८८५९-१ म्हणत असेल तर पानातील यूटीएफ-८ ची घोषणा निरुपयोगी ठरते; इतकेच नव्हे, तर ते नाव ब्राउझर विंडोज-१२५२ असेच वाचतात.

तुर्भे येथील बाजार समितीच्या आवारातील एका फळव्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर हा प्रकार अगदी स्वच्छ दिसला. आंब्याच्या हंगामात रोजचे भाव बिलाच्या सॉफ्टवेअरमधून एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये काढले जात आणि तेवढेच पान बिघडे. बाकीचे संकेतस्थळ पीएचपीमध्ये होते व ते नेहमी नीट दिसे. पीएचपी ५.६ पासून डीफॉल्ट चारसेट यूटीएफ-८ आहे आणि पीएचपी ते हेडरमध्ये आपोआप पाठवते, त्यामुळे पीएचपी पानांमध्ये चारसेटचा टॅग मुळातच नाही हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. भावाच्या पानाला ना हेडर होता ना टॅग. हा भेद माहीत नसला की माणूस त्या सॉफ्टवेअरवर, फॉन्टवर, अगदी व्यापाऱ्याच्या फोनवरही संशय घेतो.

तपासणीसाठी डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅबमध्ये पानाच्या पहिल्या विनंतीचा प्रतिसाद उघडून कंटेंट-टाइपची ओळ वाचावी. अपाचेवर ‘अ‍ॅड डीफॉल्ट चारसेट’ हा निर्देश यूटीएफ-८ असा लिहावा. एनजिनएक्सवर चारसेट हा निर्देश वापरावा. होस्टिंग बदलल्यानंतर हीच तपासणी पहिल्या दिवशी करावी, कारण जुन्या सर्व्हरने इतकी वर्षे हेडर पाठवून झाकून ठेवलेली टॅगची चूक नव्या सर्व्हरवर उघडी पडते. हेडर बरोबर असला तरी टॅग लिहावाच. पान डिस्कवर साठवून उघडले की हेडर सोबत येत नाही.

जुनी मराठी पाने हाताळणाऱ्यांसाठी एक पुरवणी. युनिकोडपूर्व फॉन्टमधील पानांत चारसेट ‘एक्स-युजर-डिफाइन्ड’ असा लिहिलेला आढळतो. मेटा टॅगमध्ये तो आढळला तर ब्राउझर विंडोज-१२५२ वापरतात, आणि तेच योग्य आहे, कारण त्या पानातील मजकूर मुळात रोमन संकेतांचाच असतो व त्याला मराठी रूप केवळ फॉन्ट देतो. अशा पानावर यूटीएफ-८ लिहून काहीही सुधारत नाही. मजकूर रूपांतरित करावा लागतो.

हेड नकळत बंद होते

सर्वांत चिवट प्रकार हा आहे आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

एचटीएमएलचा पार्सर (पानाचा कोड वाचून त्याची रचना बांधणारा भाग) अतिशय सहनशील आहे. हेडमध्ये न चालणारा घटक आला तर तो थांबत नाही किंवा तक्रार करत नाही. लेखकाला हेड संपवायचे होते असे गृहीत धरून तो हेड बंद करतो, बॉडी उघडतो आणि पुढचे सर्व काही बॉडीत टाकतो. सोर्समध्ये हेडचा शेवट शंभर ओळी खाली लिहिलेला असला तरी त्याला अर्थ उरत नाही. हेडमध्ये टायटल, मेटा, लिंक, स्क्रिप्ट, स्टाइल, बेस, नोस्क्रिप्ट आणि टेम्पलेट एवढेच घटक चालतात. डिव्ह, इमेज, आयफ्रेम किंवा नुसता सुटा मजकूर आला की हेड तेथेच संपते. गूगलच्या मार्गदर्शिकेतही हे स्पष्ट सांगितले आहे: हेडमध्ये अवैध घटक आढळला की तेथे हेड संपले असे मानले जाते आणि त्यापुढील घटक वाचले जात नाहीत. सुरक्षा धोरण (पानाने स्क्रिप्ट वगैरे कोठून घ्यावे हे ठरवणारी सूचना) मेटा टॅगने जाहीर केले असेल तर मानकानुसार तो टॅग हेडचे अपत्य नसल्यास ते धोरण लागूच होत नाही. ब्राउझर मात्र व्ह्यूपोर्टसारखे (पडद्यावरील रुंदी ठरवणारे) टॅग बॉडीत सापडले तरी मान्य करून टाकतात, त्यामुळे पान डोळ्यांना नीट दिसते आणि बिघाड फक्त शोधनिकालात किंवा शेअरिंगमध्ये जाणवतो.

याचे नेहमीचे उगमस्थान म्हणजे जाहिरातींच्या मोजणीसाठी दिलेला कोड. ऐरोलीतील एका क्लासच्या संकेतस्थळावर प्रवेशाच्या हंगामात दरवर्षी जाहिरात मोहीम चाले, आणि दरवर्षी मोहीम सांभाळणारी मंडळी हेडच्या सुरुवातीला एक तुकडा चिकटवत. त्या तुकड्याच्या शेवटी नोस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्ट नसताना वापरायच्या भागात) एका पिक्सेलची प्रतिमा होती. हेडमधील नोस्क्रिप्टमध्ये केवळ लिंक, स्टाइल आणि मेटा चालतात, प्रतिमा चालत नाही. गंमत अशी की जावास्क्रिप्ट सुरू असलेल्या ब्राउझरमध्ये नोस्क्रिप्टच्या आतील मजकूर निव्वळ अक्षरे म्हणून वाचला जातो, त्यामुळे तेथे काहीच बिघडत नाही. डेव्हलपरच्या संगणकावर हेड अखंड दिसते. जावास्क्रिप्ट न चालवणारा क्रॉलर (आपोआप पाने वाचत फिरणारा प्रोग्रॅम) तेच पान वाचतो तेव्हा प्रतिमेपाशी हेड बंद होते आणि त्याखालचे वर्णन, कॅनॉनिकल लिंक (पानाचा मुख्य पत्ता सांगणारी), ओपन ग्राफ हे सर्व बॉडीत जाते. हंगाम संपला की तुकडा काढला जाई, सर्व सुरळीत होई आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असा नोस्क्रिप्ट बॉडीच्या सुरुवातीला हलवावा. मोजणीत त्यामुळे काही फरक पडत नाही.

दुसरे कारण डोळ्यांना दिसतच नाही. घोडबंदर रोडवरील एका गृहनिर्माण संस्थेच्या संकेतस्थळाची हेडर फाइल (सर्व्हरचा हेडर नव्हे, तर पानाच्या माथ्याचा भाग असलेली फाइल) कार्यालयातील संगणकावर नोटपॅडमध्ये उघडून तिच्यातील दूरध्वनी क्रमांक बदलला जाई. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपूर्वीचे नोटपॅड यूटीएफ-८ फाइल साठवताना तिच्या सुरुवातीला बाइट ऑर्डर मार्क घालत असे. हा मार्क संपूर्ण पानाच्या अगदी सुरुवातीला असेल तर निरुपद्रवी आहे. परंतु डॉकटाइप (पानाच्या सुरुवातीची घोषणा) एका फाइलमध्ये आणि हेड दुसऱ्या फाइलमध्ये असेल आणि दुसरी फाइल इन्क्लूड होत (पहिलीत जोडली जात) असेल, तर तो मार्क डॉकटाइपनंतर, हेडच्या आधी येतो. तेथे त्याला मार्क मानले जात नाही. ते एक अक्षर ठरते आणि अक्षर आले की बॉडी उघडते. परिणामी संपूर्ण हेड बॉडीत पडते. टॅग पुसून पुन्हा लिहिल्याने काही साधत नाही, कारण दोष टॅगच्या बाहेर आहे. एडिटरमध्ये फाइल ‘यूटीएफ-८, बीओएमशिवाय’ अशी साठवली की दोष जातो आणि जुन्या नोटपॅडमध्ये पुन्हा उघडून साठवली की परत येतो.

याच जातीचे आणखी दोन उपद्रवी पाहुणे आहेत. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून आणलेल्या ओळीबरोबर येणारी न तुटणारी मोकळी जागा मानकाच्या व्याख्येनुसार मोकळी जागाच नाही. दोन मेटा टॅगच्या मधे ती पडली तर मजकूर मानली जाते आणि हेड बंद करते. मराठीत ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ टाइप करताना काही कीबोर्ड जो अदृश्य जोडक वापरतात, तो ओळ कापून चिकटवताना टॅगच्या बाहेर सुटला तर हेच करतो. म्हणून मजकूर पाठवणाऱ्याने तो टॅगसह पाठवू नये. मजकूर वेगळा घ्यावा आणि टॅग टेम्पलेटने बनवावा.

ओळखण्याची रीत अशी. पान व्हॅलिडेटरमध्ये (मानकानुसार चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) घालावे. नोस्क्रिप्टमधील अवैध टॅग, त्यानंतर अनाठायी नोस्क्रिप्टचा शेवट, अनाठायी हेडचा शेवट आणि शेवटी बॉडी आधीच उघडी असल्याची तक्रार, अशा तीन-चार चुका लागोपाठ आल्या तर त्यांतील पहिलीच खरी असते. बाकीच्या तिच्या पोटी आलेल्या असतात. अदृश्य अक्षराच्या बाबतीत डेव्हलपर टूल्समधील एलिमेंट्स टॅब उपयोगी पडतो, कारण तो सर्व्हरने पाठवलेला सोर्स न दाखवता पार्सरने बांधलेला वृक्ष दाखवतो. तेथे हेड रिकामे आणि मेटा टॅग बॉडीत दिसले की निदान झाले. या जागी एक गैरसमजही दूर करावा: बॉडीतील प्रत्येक मेटा चूक नसते. मायक्रोडेटासाठी (मजकुराचा अर्थ शोधयंत्राला सांगणाऱ्या खुणांसाठी) आयटमप्रॉप लावलेला मेटा बॉडीत चालतो.

अवतरणचिन्हे

वर्णन अर्धेच उमटत असेल, तर अवतरणचिन्हांकडे पाहावे. वर्डसारखे प्रोग्रॅम सरळ अवतरणांची वळणदार अवतरणे करतात. मार्कअपमध्ये वळणदार अवतरणाला काही अर्थ नसतो, त्यामुळे कंटेंटची किंमत अवतरणाविना लिहिली आहे असे समजले जाते आणि ती पहिल्याच मोकळ्या जागेपाशी संपते. उरलेले शब्द स्वतंत्र अ‍ॅट्रिब्यूट बनतात. चारसेटच्या किमतीभोवती अशी अवतरणे आली तर ते नाव ओळखलेच जात नाही आणि आपण पुन्हा वरच्या रेघवाल्या ‘ए’ पाशी येतो. याच्या उलट, मराठी वर्णनाच्या आत सरळ दुहेरी अवतरणे लिहिली तर तेथे किंमत तुटते. म्हणून आतील मजकुरात वळणदार अवतरणे खुशाल वापरावीत, आणि बाहेरची सरळच ठेवावीत. टेम्पलेट मजकूर आपोआप एस्केप करत (त्यातील विशेष चिन्हे सुरक्षित रूपात लिहीत) असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि करत नसेल तर तो प्रश्न अवतरणांपेक्षा मोठा आहे.

प्रत्येक मेटा टॅगला एकच ओळख

मानकानुसार मेटा टॅगवर नेम, एचटीटीपी-इक्विव्ह, चारसेट आणि आयटमप्रॉप यांपैकी नेमके एकच असावे, आणि चारसेट वगळता इतर तिघांबरोबर कंटेंट असलाच पाहिजे. ओपन ग्राफचे टॅग यात बसत नाहीत असे वाटते, कारण ते प्रॉपर्टी हा अ‍ॅट्रिब्यूट वापरतात. तो आरडीएफए या वेगळ्या मानकातून येतो आणि व्हॅलिडेटर त्याला मान्यता देतो. ट्विटर कार्डचे टॅग मात्र नेम वापरतात. दोन्हींची सरमिसळ बरेच क्रॉलर चालवून घेतात, पण म्हणून ती करू नये.

एचटीटीपी-इक्विव्हच्या नावाखाली कोणताही एचटीटीपी हेडर लिहिता येतो, ही समजूत सर्वाधिक पसरलेली आहे. प्रत्यक्षात परवानगी असलेल्या किमती मोजक्याच आहेत. कॅश-कंट्रोल, प्राग्मा आणि एक्सपायर्स त्यांत नाहीत; ‘पान ताजे दिसत नाही’ या तक्रारीवर हे तीन टॅग चिकटवणे म्हणजे व्हॅलिडेटरच्या तीन चुका विकत घेणे होय, कारण कॅशिंग सर्व्हरच्या हेडरनेच सांभाळायचे असते. सेट-कुकीचा काही परिणाम होत नाही. रिफ्रेश वैध आहे, परंतु पान हलवायचे असेल तर सर्व्हरवर ३०१ (पान कायमचे हलल्याचा संकेत) लावावे.

कंटेंट-लँग्वेजही आता मानकाबाहेर आहे. पानाची भाषा एचटीएमएल घटकावरील लँग अ‍ॅट्रिब्यूटने सांगावी आणि मराठीसाठी त्याची किंमत ‘एमआर’ ही दोन अक्षरे असावी. तयार थीममध्ये ती बहुधा इंग्रजी राहिलेली असते, आणि मग स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी मराठी आवाज निवडत नाही. काही देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे साठवलेली असतात, आणि ती पानाची भाषा मराठी आहे असे कळल्यावरच दिसतात. ‘आमचा ल हिंदी का दिसतो’ या तक्रारीचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

कीवर्ड्सचा टॅग वैध आहे, पण गूगल शोधक्रमासाठी तो विचारात घेत नाही, हे २००९ मध्येच जाहीर झाले आहे. तरीही शब्दांची लांबलचक माळ ओवून देण्याचे पैसे आजही घेतले जातात. ती माळ मराठीत असेल तर वर मोजलेले बाइट खाते, एवढाच तिचा परिणाम.

व्ह्यूपोर्टमध्ये रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि सुरुवातीचे प्रमाण १ एवढेच लिहावे. झूम बंद करणाऱ्या सूचना मांडणी सुरक्षित राहावी म्हणून घातल्या जातात, परंतु सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे. आयफोनवरील सफारी आयओएस १० पासून झूमबंदी मानतही नाही. संस्थेच्या सूचना ज्यांना वाचायच्या असतात त्यांत ज्येष्ठ सभासद बरेच असतात. त्यांचा झूम काढून घेणे मला कोणत्याही मांडणीसाठी योग्य वाटत नाही.

वर्णने दोन, लेखक दोन

एका दस्तऐवजात वर्णनाचा मेटा एकच असावा, असे मानक सांगते. थीम एक लिहिते, एसईओ प्लगिन दुसरे लिहिते, आणि संपादक प्लगिनमधील वर्णन बदलत राहतो तरी शोधनिकालात थीमचे दिसते. (एकच वर्णन असूनही गूगल पानातील दुसरा मजकूर निवडू शकते, हे आधी मान्य करावे आणि ग्राहकालाही सांगावे.) रोबोट्सचा (क्रॉलरला सूचना देणारा) टॅग दोनदा आला तर गूगल त्यांतील अधिक कडक सूचना मानते, म्हणून चाचणीच्या काळात लावलेला नोइंडेक्स (पान शोधनिकालात न दाखवण्याची सूचना) थीममध्ये राहिला तर प्लगिनमधील परवानगी कामाला येत नाही. आणि ज्या पानावर नोइंडेक्स आहे ते रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (क्रॉलरने काय वाचू नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) अडवू नये, कारण क्रॉलर पान वाचूच शकला नाही तर त्याला तो टॅग दिसणार कसा?

पुन्हा होऊ नये म्हणून

आतापर्यंतचे सर्व दोष वेगवेगळे दिसले तरी ते परत येण्याचे कारण एक आहे: हेडमध्ये अनेक हात लिहितात आणि त्याचा मालक कोणी नसतो. थीम, प्लगिन, जाहिरातवाले, क्रमांक बदलणारा कार्यालयीन कर्मचारी आणि सर्व्हर बदलणारी होस्टिंग कंपनी यांपैकी प्रत्येकजण आपापले काम बरोबर करतो आणि तरीही पान बिघडते. त्यामुळे हेड एकाच टेम्पलेट फाइलमधून निघावे आणि त्यातील क्रम ठरलेला असावा: प्रथम चारसेट, मग व्ह्यूपोर्ट, मग शीर्षक, वर्णन, कॅनॉनिकल, ओपन ग्राफ आणि त्यानंतर बाहेरून आलेले सर्व कोड. सुरक्षा धोरण मेटाने द्यायचे असेल तर ते चारसेटच्या लगेच खाली असावे, कारण त्याच्या आधी आलेल्या स्क्रिप्टला ते लागू होत नाही. बाहेरचा कोड शेवटी ठेवल्याने तो चुकीचा असला तरी त्याच्या आधीचे टॅग वाचले जातात. एवढ्या एका नियमाने निम्म्या तक्रारी थांबतात असा माझा अनुभव आहे.

तपासणी टेम्पलेटची न करता सर्व्हरने पाठवलेल्या तयार पानाची करावी, आणि तीही खऱ्या मराठी मजकुरासह. नमुन्यादाखल इंग्रजी मजकूर भरून केलेली तपासणी बाइटचा प्रश्न पकडू शकत नाही. मुख्यपान, एक बातमी किंवा सूचना, एक साधी एचटीएमएल फाइल आणि ‘पान सापडले नाही’ हे पान, एवढी चार पाने प्रत्येक बदलानंतर व्हॅलिडेटरमधून काढावीत. शेवटचे पान सर्व्हर स्वतः बनवत असल्याने त्याचा हेडर अनेकदा वेगळा निघतो. रिकाम्या टॅगच्या शेवटच्या तिरप्या रेघेबद्दल व्हॅलिडेटर माहितीवजा सूचना देतो. ती चूक नव्हे, आणि ती घालवण्यात वेळ दवडू नये.

व्हॉट्सॲपची चौकट

टॅग दुरुस्त झाल्यावरही चौकट जुनीच दिसते, म्हणून दुरुस्ती फसली असे समजून अनेकजण पुन्हा टॅग बदलू लागतात. ओपन ग्राफचे चार टॅग आवश्यक मानले जातात: शीर्षक, प्रकार, चित्र आणि पत्ता. चित्राचा पत्ता डोमेनसह पूर्ण असावा. तिरप्या रेघेपासून सुरू होणारा अर्धा पत्ता चालत नाही. हे टॅग सर्व्हरकडून येणाऱ्या सोर्समध्येच असावेत, कारण चौकट बनवणारे प्रोग्रॅम सहसा जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. सोर्समध्ये टॅग नसून एलिमेंट्स टॅबमध्ये दिसत असतील, तर ते मागाहून स्क्रिप्टने घातलेले आहेत. फेसबुकवरील जुनी नोंद त्यांच्या शेअरिंग डीबगरमधून पुन्हा वाचायला लावून ताजी करता येते. व्हॉट्सॲपवर पडताळताना पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा अंक जोडून लिंक स्वतःलाच पाठवावी, म्हणजे फोनमध्ये साठलेली जुनी चौकट आड येत नाही. मात्र ही चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन संदेशासोबतच जाते, त्यामुळे संस्थेच्या ग्रुपवर आधी गेलेल्या संदेशातील चौकट दुरुस्तीनंतरही बदलणार नाही; ती सूचना नव्याने पाठवावी लागेल.